राख लावलेल्या बिया

आमच्या बार्शीच्या घरी अख्ख्या लाल भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणसाने लावायची नाही, असा दंडक होता. पुरुषाने एक घाव घालायचा, मग विळीवर फोडी करायला बायका मोकळ्या. किराण्याचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला होतं. आई मधल्या दारात उभी राहून म्हणायची, “अहो, जरा आत येऊन जाता का? भोपळा खोळंबलाय.” नाना हातातला तराजू ठेवून आत येत, भोपळ्यावर एक वार करत आणि धोतराला हात पुसत परत गादीवर जाऊन बसत. भोपळा दुभंगला की आम्ही चौघं भावंडं पुढे सरकायचो. गराशी आम्हांला कर्तव्य नव्हतं. त्याची भाजी होणार, भरीत होणार, फार तर घारगे होणार. आमचा डोळा असायचा तो मधल्या लिबलिबीत केशरी जाळ्यात अडकलेल्या बियांवर.

वर्षातून असे दोन मोठे मुहूर्त. एक आषाढी एकादशी, कारण लाल भोपळा आमच्याकडे उपासाला चालायचा. आणि बार्शी हे भगवंताचं गाव, तेव्हा एकादशी-द्वादशीचं प्रस्थ जरा जास्तच. दुसरा पितृपंधरवडा. भाद्रपदात गवार, कारली आणि भोपळा यांचे भाव चढतात ते श्राद्धाच्या स्वयंपाकामुळे. पितरांना भाजी पोचत होती की नाही, देव जाणे. बिया आम्हांला नेमाने पोचायच्या.

आईची पद्धत ठरलेली. बिया जाळ्यासकट पातेलंभर पाण्यात टाकायच्या, घटकाभर तशाच ठेवायच्या आणि मग दोन्ही हातांनी चोळायच्या. जाळं सुटून वर येतं. त्याच्याबरोबर पोचट बियाही वर तरंगतात. त्या गाईच्या घमेल्यात. ज्या तळाशी बसल्या त्या भरलेल्या. त्या सुपात पसरून माळवदावर उन्हात जायच्या आणि चिमण्या राखायला आमच्यापैकी एकाची नेमणूक व्हायची. ओल्या बिया सुपाला चिकटतात, म्हणून दिवसातून दोनदा हात फिरवायचा. आषाढात उन्हाचा भरवसा नसे, तेव्हा सूप चुलीमागच्या भानवशीवर. चार दिवसांनी बी दोन बोटांत दाबली की टरफल कट्‌ करून वाजायचं. वाळली.

पण तव्यावर जाण्याआधी एक निवड व्हायची. आई सूप मांडीवर घेऊन बसायची आणि त्यातल्या सगळ्यांत जाड, टपोऱ्या, कड शाबूत असलेल्या पंधरा-वीस बिया बाजूला काढायची. त्यांना चुलीतली चाळलेली राख चोळायची, चिंधीत बांधायची आणि ते गाठोडं खुंटीला टांगायची. ते बियाणं. त्यातून एखादी बी लांबवणं हा आमच्या घरातला मोठा गुन्हा. “ह्या पेरायच्या, त्या चरायच्या,” एवढंच ती म्हणायची.

चरायच्या त्या लोखंडी तव्यावर. तेलाचा थेंब नाही. मंद जाळावर हलवत राहायचं. बिया फुगून चट्‌ चट्‌ वाजायला लागल्या की मिठाच्या दाट पाण्याचा हबका मारायचा. फस्स आवाज, वाफ, आणि पाणी आटलं की प्रत्येक बीवर मिठाची पांढरी पूड. नव्या माणसाला बी फोडता येत नाही, कारण तो ती आडवी चावतो आणि सालीसकट चोथा करतो. बी कडेवर उभी धरायची, पुढच्या दातांत टोकाकडून हलकेच दाबायची; शिवण उकलते आणि हिरवट पापुद्र्यातला गर अख्खा हातात येतो. आजीच्या तोंडात एकही दात नव्हता. तिला आम्ही सोलून द्यायचो. पाच सोलल्या की सहावी आपली, हा मजुरीचा दर तिनेच ठरवला होता. पोटात जंत झाले तर मात्र ती सोललेल्या बिया वाटून गुळातून आम्हांलाच चाटवायची. हा घरगुती खुळेपणा असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. पुढे वाचनात आलं, की अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात भोपळ्याच्या बिया १८६३ पासून १९३६ पर्यंत जंतांवरचं औषध म्हणून नोंदलेल्या होत्या.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कोलंबस आणि वास्को द गामा फळ्यावर लिहिताना मिरची, बटाटा, मका ही यादी पोरांकडून घोकून घेतली. लाल भोपळ्याचं नाव त्या यादीत असायचं, पण श्राद्धाच्या पानातला आणि उपासाच्या ताटातला भोपळा परदेशी, हे माझ्या स्वतःच्या गळी उतरायला वेळ लागला. आपल्याकडचे जुने रहिवासी म्हणजे कोहळा आणि दुध्या. तंबोऱ्याला लागतो तो कडू भोपळा दुध्याच्या कुळातला. मिरजेच्या कारागिरांकडे तो आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या शेतांतून जात आला आहे. लाल भोपळा ही तिसरीच जात, आणि तिचं मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांमधून जी रोपं-बियाणं इकडे आली त्यांबरोबर हाही आला असणार.

आलेला पाहुणा इतका मुरला, की त्याने जुन्यांची नावंही घेतली. गोव्यात लाल भोपळ्याला दुदी म्हणतात. वऱ्हाडात त्याचं नाव कोहळं, आणि कोहळ्याचे बोंडं होतात ती याचीच. आमच्याकडे कुणी त्याला डांगर म्हणे, कुणी काशीफळ, कुणी गंगाफळ. म्हणजे थेट काशीचं नि गंगेचं नागरिकत्व. नावासोबत रीतही आली असावी. कोहळा हा पशुबळीच्या जागी चिरण्याचं फळ, म्हणून त्याच्यावर शस्त्र पुरुषाने चालवायचं. तोच नियम लाल भोपळ्याला लागला असावा, असा माझा तर्क आहे. आई नानांना हाक मारायची ती बहुधा दुसऱ्याच फळाच्या वतीने.

आता बियांकडे येते. मेक्सिकोत ओआहाका नावाचा प्रांत आहे. तिथे ग्विला नाकित्झ नावाची एक लहानशी गुहा आहे. केंट फ्लॅनरी या पुरातत्त्वज्ञाने १९६६ साली ती उकरली. गुहा कोरडी, त्यामुळे भोपळ्याच्या बिया, साली आणि देठ हजारो वर्षं टिकून राहिले होते. १९९७ मध्ये ब्रूस स्मिथ या संशोधकाने त्या बियांचं वय नव्याने मोजलं, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. म्हणजे त्या गुहेतल्या माणसांनी भोपळा लावायला सुरुवात केली ती मक्याच्याही हजारो वर्षं आधी.

हा रानभोपळा नव्हे, लावलेला भोपळा, हे कशावरून ओळखलं? आकारावरून. त्या बिया रानातल्या बियांपेक्षा मोठ्या होत्या. रानभोपळ्याचा गर जहर कडू; तोंडात धरवत नाही. बी मात्र चांगली, तेलकट, पोटभरीची. म्हणून माणसाने भोपळा जवळ केला तो आधी बीसाठी आणि भांडं म्हणून वाळलेल्या कवटीसाठी, गराची गोडी फार नंतरची, असं अभ्यासक मानतात. हे वाचलं तेव्हा मला आमची चौघांची रांग आठवली. गराकडे पाठ आणि बियांवर डोळा ठेवणारी आम्ही पोरं मूळ परंपरेला धरून होतो तर!

आणि बी मोठी का झाली? कुणीतरी दर हंगामात टपोऱ्या बिया वेगळ्या काढून पेरत राहिलं म्हणून. त्या निवडणाऱ्या हातांचं नाव कुठे नाही. पण तो हात कसा फिरत असेल ते मी पाहिलेलं आहे. मांडीवर सूप, वाकलेली मान, अंगठ्याने बीच्या कडेची परीक्षा. आमच्याकडची जात मेक्सिकोतल्या त्या जातीची चुलत बहीण, तीच नव्हे. काम मात्र तेच. गुहेतल्या मोठ्या झालेल्या बिया आणि आमच्या खुंटीवरचं गाठोडं यांमध्ये दहा हजार वर्षं आहेत, आणि पद्धतीत फरक फार तर राखेचा.

मेक्सिकोत बियांना मान मोठा. भाजून, मिरचीबरोबर वाटून त्यांचा दाट रस्सा करतात. त्याला पिपियान म्हणतात. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो द साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने अॅझ्टेक लोकांच्या राहणीचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला. त्यात बाजारातल्या विक्रेत्यांची वर्णनं आहेत आणि भोपळ्याच्या बिया विकणाराही त्यांत आहे. म्हणजे तिथे हा धंदा होता. चीनमध्ये बिया फोडत बसणं ही पाहुणचाराची रीतच; फंग झिकाई या चित्रकार-लेखकाने १९३४ साली नुसत्या बिया खाण्यावर एक खुसखुशीत निबंध लिहिला आहे. मेक्सिकोत पेपिता, चीनमध्ये ग्वाझ, इराणात तोख्मे. चघळायच्या बियांना या सगळ्यांकडे स्वतंत्र नाव आहे. मराठीत फणसाच्या बीला आठळी आहे, चिंचेच्या बीला चिंचोका आहे, आंब्याला कोय आहे. भोपळ्याची ती नुसती बी.

याचं कारण मला आमच्या दुकानात सापडतं. दुकानात बिया होत्या, पण त्यांना बिया कुणी म्हणत नसे, म्हणायचे मगज. हा शब्द फारसी, अर्थ मेंदू किंवा गर. कलिंगड, खरबूज, काकडी आणि भोपळा या चार बियांचे गर म्हणजे चार मगज. थंडाईला, लाडवांना, बाळंतिणीच्या खुराकाला हे लागत. प्रत्यक्षात पोत्यात बहुतेक एकटा कलिंगडाचाच मगज असायचा, पांढरा, चपटा, सोललेला. तो मुंबईच्या मस्जिद बंदरच्या पेढीवरून यायचा आणि राजस्थानच्या कोरड्या रानातल्या मतीऱ्याचा असतो असं नाना सांगायचे. होळीच्या आधी आणि बाळंतपणाच्या यादीत त्याला गिऱ्हाईक. एरवी पोतं कोपऱ्यात.

मी चौथीत असेन. भाद्रपदात बिया भरपूर झाल्या होत्या. मी वर्तमानपत्राच्या बारा पुड्या बांधल्या, प्रत्येकीत ओंजळभर खारवलेल्या बिया, आणि नानांच्या गल्ल्याशेजारी ओळीने मांडल्या. दर पुडीला दहा पैसे. सकाळभर कुणी हात लावला नाही. दुपारी वैरागकडचा एक म्हातारा शेतकरी आला, त्याने एक पुडी उघडून पाहिली आणि मोठ्याने हसला. “पोरी, ह्या तर घरी पाटीभर पडल्यात. ह्याला कोण पैसं देतंय?” मी रडकुंडीला आले. संध्याकाळी दुकान बंद करताना नानांनी एक पुडी उचलली, खिशातून दहा पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि रोजकीर्दीत त्यांच्या बारीक मोडवळणी अक्षरात लिहिलं: बिया, १० पैसे.

पुढे इतिहासाची साधनं शिकवताना मला ही नोंद नेहमी आठवायची. ज्याला भाव, त्याची नोंद. आणि ज्याची नोंद, त्याचा इतिहास. फुकटच्या वस्तूला वहीत जागा नसते. आमच्या चार पिढ्यांनी खाल्लेल्या भोपळ्याच्या बियांची माझ्या पाहण्यातली एकमेव लेखी नोंद ती, आणि तीही एका बापाने लेकीचं मन राखायला केलेली.

आज दुकान माझा भाचा चालवतो. काचेच्या बरण्यांची रांग आहे आणि त्यांत बदामाच्या शेजारी, भावानेही त्याच्यापासून फार लांब नसलेली, हिरवी बरणी आहे: पंपकिन सीड्स. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, “अरे, ह्या सोलतं कोण?” तो म्हणाला, “आत्या, ह्यांना सालच नसते.” मला वाटलं, दुकानदारी करतोय. मग शोध घेतला, तर तो अर्धा खरा निघाला.

ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला स्टायरिया नावाचा प्रांत आहे. तिथले शेतकरी भोपळा लावायचे तो बियांच्या तेलासाठी, गर डुकरांना. तेल काढण्याआधी हिवाळ्याच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून बिया हाताने सोलायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडच्या भोपळ्यात आपोआप एक बदल झाला. बीवरचं लाकडासारखं टरफल तयारच होईना. त्याच्या जागी नुसता पातळ पापुद्रा. अशी उघडी बी रानात किडीने नाहीतर कुजून संपली असती. पण ती सोलणाऱ्यांच्या नजरेला पडली आणि त्यांनी ती उचलून धरली. मेंडेलचे नियम १९०० साली नव्याने पुढे आणणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतात त्या एरिख फॉन चेर्माक यांनी या बिनटरफली भोपळ्यावर पुढे काम केलं. स्टायरियाच्या तेलाला आता युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडच्या बरण्यांतला माल मात्र पुष्कळदा चीनहून येतो. त्यातला काही असाच जन्मतः उघडा, काही यंत्राने सोललेला. हिरव्या रंगाचं नवल नको. आपल्या पांढऱ्या बीच्या आतही तोच हिरवा पापुद्रा असतो, फक्त तो पाहायला आधी दात लावावा लागतो.

घ्यायच्या असतील तर वाण्याच्या लेकीचा सल्ला ऐका. बरणीतली एक बी मागून घ्या आणि मोडा. कुरकुरीत तुटली पाहिजे. वाकली तर सादळलेली आहे. रंग एकसारखा गर्द हवा, पिवळट-तपकिरी छटा म्हणजे जुना माल. चावून दहा आकडे मोजा; खवटपणा जिभेवर उशिरा येतो. या बीत निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून किलोने भरून ठेवू नका, शंभर-दोनशे ग्रॅम आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. भाजलेल्या नि मीठ लावलेल्या घेण्यापेक्षा कच्च्या घ्या. मीठ घरी असतंच.

आणि घरच्या बिया कुठे गेल्या? लोक आळशी झाले, असं म्हणणं सोपं आहे. मला कारण विळीजवळच दिसतं. अख्खा भोपळा आता घरात येतच नाही. चार माणसांच्या घराला पाव किलोची फोड पुरते. भाजीवाली ती सुरीने तासून, मधलं जाळं खरवडून देते, आणि बिया तिच्या गाड्याखालच्या टोपलीत जातात. फोडीला चिकटून आल्याच तर आठ-दहा. तेवढ्यांसाठी कोण सूप मांडणार? मोठं कुटुंब मोडलं तेव्हा त्यासोबत कायकाय मोडलं त्याची यादी करणारे पुष्कळ आहेत. त्या यादीत भोपळ्याच्या बिया कुणी लिहिलेल्या मी पाहिल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्यात मी भाचसुनेला म्हटलं, यंदा अख्खा आण. साडेचार किलोचा आला. सोसायटीतल्या पाच घरांनी वाटून घेतला. पहिली सुरी भाचसुनेने लावली; आकाश कोसळलं नाही. बिया मी ठेवून घेतल्या, पाण्यात टाकल्या, चोळल्या. बुडालेल्या निवडल्या, गॅलरीत वाळवल्या, तव्यावर भाजल्या. पोरांनी पहिल्या दोन आडव्या चावून थुंकल्या. तिसरी मी उभी धरून दाखवली. मग ताटली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. टपोऱ्या वीस मात्र आधीच काढून ठेवल्या होत्या.

तेव्हा तुम्हीही एकदा चार घरं मिळून अख्खा भोपळा आणा. बिया भाजण्याआधी वीस काढून ठेवा. भोपळा संकरित असला तर फळ अगदी त्याच्यासारखं येईल असं नाही, पण वेल येतो. पुड्यातल्या सोललेल्या, भाजलेल्या बीतून कितीही पैसे मोजले तरी तो येत नाही. राख नसेल तर कोरड्या कागदाची पुडी करा आणि वर तारीख लिहा. तेवढीच नोंद.